दातांचे पीक

ग्रीस देशातली ही जुनी गोष्ट. एका राजाने जेसन नावाच्या वीराला सर्पाचे दात शेतात पेरायला लावले. जमिनीतून हत्यारबंद माणसे उगवली! जेसनने त्यांच्यात मोठा धोंडा फेकला. ती आपसातच लढू लागली.

१९६३ साली यावर इंग्रजी सिनेमा निघाला. त्यात हाडांचे ७ सापळे उगवतात. ते खरे नव्हेत. रे हॅरीहाउझेन यांच्या बाहुल्या त्या. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. अशी २४ चित्रे सरकली, की पडद्यावर एक सेकंद जातो. ही लढाई टिपायला साडेचार महिने लागले.

पण सिनेमात धोंडा नाही. जेसन समुद्रात उडी टाकून सुटतो. बळापेक्षा युक्ती मोठी, हे सांगणारा धोंडाच गळाला! म्हणून सिनेमा पाहा, मूळ गोष्टही वाचा. आता तुम्हाला वाचता येते ना?