उकळत्या पाण्यातलं अंडं

मे महिन्यात नागपूरच्या धरमपेठेत दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेववत नाही. गार पाण्यात अंडी घालायची, पातेलं गॅसवर चढवायचं आणि उकळी आली की मिनिटं मोजायची, ही घरोघरची रीत इथे फसते ती त्यामुळेच. डिसेंबरात तेच पाणी थंडगार असतं, म्हणजे उकळीपर्यंत अंडं किती शिजलं याचा हिशेब दर ऋतूत बदलणार. त्यापेक्षा पाणी आधी खळखळ उकळू द्यावं आणि मग झाऱ्याने अंडी अलगद सोडावी. उकळत्या पाण्याला ऋतू नसतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला मात्र ते ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे अंड्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो.

अंडं पाण्यात पडलं की जरा वाकून पाहावं. त्याच्या रुंद टोकातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येत असते. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्या टोकाशी हवेची पोकळी असते. तापून फुगलेली हवा छिद्रांतून वाट काढते, आणि वाट अपुरी पडली तर टरफल तडकतं. म्हणून फ्रिजमधली अंडी दहा मिनिटं आधी बाहेर काढलेली बरी.

आत काय चाललंय ते याहून नवलाचं. पांढऱ्यातलं एक प्रथिन ६२ अंशांच्या आसपास गोठू लागतं, तर त्यातलं मुख्य प्रथिन ८० अंश ओलांडल्याशिवाय घट्ट होत नाही. पिवळा बलक ६५ ते ७० अंशांदरम्यानच आळतो. एकाच टरफलात अशा वेगवेगळ्या गरजा! इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी २०२५ साली यावर तोड काढली: अंडं दर दोन मिनिटांनी १०० अंशांच्या आणि ३० अंशांच्या पाण्यात आळीपाळीने ठेवायचं, असं ३२ मिनिटं. सकाळच्या डब्याच्या घाईत हे कोण करणार? घरी घड्याळ पुरे. सात मिनिटांत बलक पातळ राहतो, नऊ मिनिटांत मऊसर होतो, अकरा-बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. लहान मुलांना आणि गरोदर बाईला घट्टच द्यावं.

याहून जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांच्या संयोगाने ते होतं. खायला अपाय नाही, पण चव उतरते. उपाय एकच, वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात टाकायची. नळाचं तापलेलं पाणी इथे कामाचं नाही, माठातलं घ्यावं. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी झिरपून भराभर उडतं, म्हणून तो इथे फार चांगला गारवा देतो.

अगदी ताजं अंडं सोलताना पांढरा भाग टरफलाला चिकटून येतो. आठवडाभरात आतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो, पांढरं अधिक अल्कधर्मी होतं आणि साल सहज सुटते. त्यामुळे उकडायला आठवड्याभराची अंडी घ्यावी, ताजी ऑम्लेटला ठेवावी. उकडलेली अंडी टरफलासकट फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र ती तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नयेत.