घरबांधणी, विजयदुर्ग किनाऱ्यावरील

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या (१ मे १९८१ पूर्वी रत्नागिरी जिल्हा) देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी वसलेल्या विजयदुर्ग परिसरात घर बांधण्याची, त्याला पाणी पुरविण्याची व ते कोरडे राखण्याची पद्धती. या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,५०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, वर्षभर खारा वारा वाहतो आणि एप्रिल-मे महिन्यांत मात्र अनेक वस्त्यांत पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. घराच्या बहुतेक तक्रारी या तीन गोष्टींतून उद्भवतात. त्यांवरील उपाय पाणी अडविण्यापेक्षा त्याला बाहेर पडण्याची वाट ठेवण्यात आहे, हे तत्त्व जुन्या बांधणीत सर्वत्र पाळलेले दिसते. सिमेंट व लोखंड यांचा वापर वाढल्यावर त्याचा विसर पडला व त्यामुळे नव्या घरांत जुन्या घरांहून वेगळे असे दोष निर्माण झाले.

जांभा व त्याच्या भिंती : खाडीच्या दोन्ही अंगांस पसरलेले सडे जांभ्याचे आहेत. उष्ण व दमट हवामानात मूळ खडकातील सिलिका व क्षार धुपून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहतात व हा तांबूस, सच्छिद्र खडक तयार होतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगडिपुरम येथील अशा खडकाला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ ही संज्ञा दिली. खाणीत तो मऊ असतो व हत्याराने सहज कापता येतो. हवेत उघडा राहिल्यावर त्यातील लोहसंयुगांचे पाणी कमी होऊन तो कठीण बनतो. म्हणून चिरे काढल्याबरोबर भिंतीत न घालता काही महिने, शक्य तर एक पावसाळा, उघड्यावर रचून ठेवण्याची चाल आहे. हल्ली यंत्राने कापलेला चिरा खाणीतून थेट बांधकामावर येतो आणि ही मुदत बहुधा मिळत नाही.

सर्व चिरे सारखे नसतात. ज्यात पांढुरक्या मातीचे खिसे दिसतात तो चिरा भिजल्यावर विरतो व त्याची माती वाहून जाऊन पोकळ्या पडतात. भारतीय मानक ३६२० (१९७९) नुसार बांधकामाच्या जांभ्याचे जलशोषण वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक नसावे व त्याचे संपीडनबल दर चौ. मिमी.स किमान ३·५ न्यूटन असावे. संपीडनबलाची परीक्षा प्रयोगशाळेतच होऊ शकते. जलशोषणाची मात्र कोणासही घरी करता येते. कोरड्या चिऱ्याचे वजन करून तो २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा व पुसून पुन्हा वजन करावे. कोरडा असता ३० किग्रॅ. भरणारा चिरा भिजल्यावर ३३·६ किग्रॅ.हून जड होत असेल, तर तो जोत्यात वा बाहेरच्या भिंतीत वापरू नये. टणक वस्तूने ठोकल्यास चांगला चिरा खणखणतो. बद्द आवाजाचा चिरा गवंडी बाजूला काढतात, ते योग्यच आहे.

विजयदुर्ग किल्ल्याचे बांधकामही मुख्यतः जांभ्याचे आहे. पूर्वी अशा बांधकामासाठी चुना वापरीत. किनाऱ्यावर तो शिंपले भाजून तयार करीत व वाळूसह घाणीत मळीत. चुन्याचा दर्जा सावकाश येतो, त्याचे बलही सिमेंटपेक्षा कमी असते. परंतु तो सच्छिद्र असल्यामुळे भिंतीत मुरलेले पाणी त्यातून वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सिमेंटचा दाट गिलावा ही वाट बंद करतो. पाणी भेगांतून व जोत्यातून आत शिरतच राहते. बाहेर निघता न आल्याने ते गिलाव्यामागे साठते, सुकताना त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात, ते फुगून गिलावा ढकलतात आणि भिंतीला लोणा लागतो. त्यावर तैलरंग लावणे हा रोग झाकण्याचा प्रकार होय. त्याने ओल भिंतीत आणखी वर चढते. अशा भिंतीचा सुटलेला गिलावा काढून टाकून ती एक उन्हाळा सुकू द्यावी व नंतर चुन्याचा गिलावा करावा अथवा बाहेरील बाजूस फक्त दर्जा भरून चिरा उघडा ठेवावा. नवे घर बांधताना जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर घालावा. तो साधारणतः ४ सेंमी. जाडीच्या दाट काँक्रीटचा असून त्यावर डांबराचा लेप देतात. हा थर अंगणाच्या पातळीपासून किमान १५ सेंमी. उंच असावा व पुढे अंगणात भर घालून तो बुडवू नये. जुन्या घरांत ही चूक वारंवार आढळते.

ओल कोठून येते हे ठरविल्याखेरीज खर्च करू नये. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सर्व खोलीभर सारखी ओल असेल, तर ती केशाकर्षणाने वर चढलेली असते. वरून खाली ओघळ आलेले असतील, तर कौल किंवा भिंतीचा माथा तपासावा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल दिसल्यास उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूस झालेला असतो. मे महिन्यातही न सुकणारा एकच डाग बहुधा नळाचा असतो. पावसाळ्यात हवाच बाष्पाने भरलेली असल्याने संशय राहतो. अशा वेळी हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडा चिकटवून भिंतीवर एक दिवस ठेवावा. त्याची भिंतीकडील बाजू ओली झाली, तर पाणी भिंतीतून येते. खोलीकडील बाजू ओली झाली, तर ते हवेतील होय. दुसऱ्या प्रकारात भिंत फोडण्यात अर्थ नाही, वारा खेळता ठेवणे हाच उपाय आहे.

लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा प्रश्न अधिक गंभीर आहे. खाऱ्या वाऱ्यातून व विशेषतः खाडीच्या मुखाकडील वाळूतून क्लोराइडे काँक्रीटमध्ये जातात, सळईवरील संरक्षक पटल नष्ट करतात व गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने काँक्रीट आतून फुटते. सज्जाच्या खालच्या अंगास सळईच्या रेषेत पडलेली तांबूस भेग हे त्याचे पहिले चिन्ह होय. भारतीय मानक ४५६ (२०००) मध्ये किनाऱ्याच्या उघड्या हवेतील बांधकाम ‘तीव्र’ वर्गात मोडते. त्यासाठी किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट व सळईवर ४५ मिमी. आवरण सांगितले आहे. क्लोराइडांची मर्यादा दर घ. मी. काँक्रीटला ०·६ किग्रॅ. आहे. व्यवहारात घरांच्या स्लॅबवर निम्मेही आवरण आढळत नाही. सळईखाली योग्य जाडीचे ठोकळे ठेवणे व वाळू गोड्या पाण्याने धुणे यांचा खर्च अल्प आहे. पुढील दुरुस्तीचा खर्च त्याच्या अनेक पट होतो आणि सडलेला सज्जा कोसळल्यास माणसे दगावतात.

छप्पर : पूर्वी गरिबाचे घर नारळाच्या झापांनी व बऱ्या स्थितीतील नळीच्या कौलांनी शाकारीत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौले गलबतांनी या बंदरांत येऊ लागली व रूढ झाली. उतार सु. ३० अंश ठेवल्यास त्यांवरून पाणी त्वरित निथळते. पडवीचे छप्पर पुढे काढून पागोळ्या भिंतीपासून दूर पाडणे हे भिंतीचे खरे संरक्षण होय. पाखे आखूड केलेल्या घरात गिलाव्याचा कोणताही प्रकार फार काळ टिकत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गेले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात अनेक घरांची छपरे उडाली. त्यामागील गणित सोपे आहे. सेकंदास ३९ मी. (ताशी सु. १४० किमी.) वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौ. मी.ला सु. ९०० न्यूटन होतो आणि पाख्याच्या कडेला व आढ्याजवळ तेवढ्याच प्रतीचे उचल-बल निर्माण होऊ शकते. एका चौ. मी.मध्ये सु. १५ कौले बसतात. त्यांचे एकत्रित वजन ४०० न्यूटनांच्या आसपास असते. म्हणजे नुसत्या वजनावर ठेवलेली कौले कडेला टिकणार नाहीत. खालच्या दोन रांगा व दोन्ही बाजूंच्या कडा गंजरोधक तारेने रिपांना बांधाव्यात, कोन चुन्यात बसवावेत आणि वासे भिंतीच्या माथ्यावरील पाटाला पट्ट्यांनी जखडावेत. पत्र्याच्या छपराचे वजन तर फारच कमी असल्याने त्याला ही जखडणी अधिकच लागते.

येथे एका बदलाची नोंद करणे अवश्य आहे. चुलीच्या धुराने वासे कोरडे राहत व किडीपासून त्यांचे रक्षण होई. स्वयंपाकाचा गॅस आल्यावर घरातील माणसांचे डोळे व फुफ्फुसे सुरक्षित झाली, पण छपराचे ते संरक्षण गेले. अशा घरांतील लाकडाला किडीविरुद्ध प्रक्रिया करून घ्यावी लागते.

पाणीपुरवठा : जांभ्याच्या सड्यावर पडलेले पाणी छिद्रांतून व आतील नळ्यांतून त्वरित खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते व सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने निघून जाते. एवढ्या पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात विहिरी आटतात त्याचे हे कारण आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींना दुसरा धोका असतो. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. गाइबेन-हेर्झबर्ग नियमानुसार समुद्रसपाटीवर १ मी. गोडे पाणी असेल, तर तिच्याखाली सु. ४० मी. गोडे पाणी असते. हा नियम वाळूसारख्या एकजिनसी थरास लागू पडतो, भेगाळ खडकात तो केवळ दिशादर्शक समजावा. पातळी उपशाने अर्धा मीटर खाली गेली, तर खारे पाणी कित्येक मीटर वर सरकू शकते. लाट किंवा रहाट यांनी पाणी हळूहळू काढले जाई, त्यामुळे विहिरीला भरून येण्यास अवकाश मिळे. मोठ्या शक्तीचा पंप तासाभरात तळ गाठतो. अशा विहिरीवर लहान पंप बसवून थोडे थोडे पाणी अनेक वेळा घ्यावे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडाचे इष्ट प्रमाण लिटरला २५० मिग्रॅ. व पर्यायी साधन नसल्यास कमाल १,००० मिग्रॅ. आहे.

पावसाचे पाणी साठविताना टाकीचा आकार पावसावरून नव्हे, तर गरजेवरून ठरवावा. १०० चौ. मी. छपरावरून वर्षाला सु. दोन लाख लिटर पाणी मिळू शकते, पण पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लि. प्रमाणे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सु. ६,००० लि.च लागतात. पहिल्या सरींचे पाणी वाहू द्यावे, कारण छपरावर मीठ, धूळ व पक्ष्यांची विष्ठा साचलेली असते. पागोळीचे पाणी पोफळीच्या पन्हळींनी डोणीत घेण्याची जुनी रीत याच तत्त्वावर होती. टाकी मात्र झाकलेली हवी, नाहीतर डास होतात.

जांभ्यातील विहिरीचे पाणी बहुधा मृदू व किंचित अम्लीय असते. ते जस्तलेपित लोखंडी नळांना खाते. प्लॅस्टिकचे नळ त्याला योग्य. वर ठेवलेल्या टाकीपासून तोटी ३ मी. खाली असेल, तर तेथे दर चौ. सेंमी.ला केवळ ०·३ किग्रॅ. दाब मिळतो. इतक्या कमी दाबात नळाची कमान कोठेही वर उचललेली असली, की तीत हवा अडकून प्रवाह थांबतो व लोक तोटी बदलत राहतात. नळ सतत एका दिशेने उतरता ठेवावा; तसे शक्य नसल्यास उंच बिंदूवर हवा सोडण्याची नळी बसवावी. गळतीचा संशय असल्यास रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असेल, तर गळती टाकीत वा नळात आहे. टाकीच्या तोंडाशी झडप बंद करून हीच परीक्षा पुन्हा केल्यास दोहोंपैकी कशात, तेही कळते.

पाणी तापविणे : येथील थंडी सौम्य असल्याने घर तापवावे लागत नाही, स्नानाचे पाणी मात्र तापवितात. न्हाणीतील चुलाणावर तांब्याचा हंडा ठेवून त्याखाली सोडणे, करवंट्या व झावळ्या जाळीत. २० लि. पाणी २५° से.वरून ४५° से.पर्यंत तापविण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता पुरते. परंतु उघड्या चुलाणात इंधनाच्या उष्णतेचा सु. आठवा हिस्साच पाण्याला मिळत असल्याने सु. पाऊण किलो करवंट्या लागतात. बंबात विस्तवाची नळी पाण्याच्या मधोमध असते, त्यामुळे उष्णता कमी वाया जाते. हेच काम २ किवॉ. क्षमतेचा विद्युत् तापक सु. १४ मिनिटांत करतो. बंद तापकावरील दाबमोचक झडप गळते म्हणून ती खुंटी मारून बंद केल्याची उदाहरणे आढळतात. हे कृत्य स्फोटास आमंत्रण आहे.

सौर तापकात पाणी स्वतःच्या अभिसरणाने फिरते, म्हणून टाकी तापपट्टाच्या वर असावी व गरम पाण्याची नळी चढतीच असावी. गरम पाण्यासाठी साधे पीव्हीसी नळ वापरू नयेत, ६०° से.च्या सुमारास ते मऊ पडतात. त्याऐवजी क्लोरीनयुक्त (सीपीव्हीसी) नळ घ्यावेत. काचलेपित टाकीतील मॅग्नेशियमचा दांडा टाकीऐवजी स्वतः झिजतो. खाऱ्या पाण्यात तो लवकर संपतो. दर वर्षी पाहून बदलावा.

सांडपाणी : ज्या सच्छिद्रतेमुळे शोषखड्डा जांभ्यात उत्तम चालतो, तिच्यामुळेच तो विहिरीला घातक ठरतो. आतील नळ्यांतून मैलापाणी गाळले न जाता दूरवर जाऊ शकते. सर्वसाधारणतः सांगितले जाणारे १५ मी. अंतर मातीच्या जमिनीसाठी ठीक आहे. जांभ्यात ते किमान समजावे व खड्डा विहिरीच्या उताराकडील अंगासच घ्यावा. शेजाऱ्याची विहीर कोणत्या बाजूस आहे हेही पाहावे, कारण वाडीतील आवारे लहान झाल्याने एकाचा खड्डा दुसऱ्याच्या विहिरीच्या वरच्या अंगास येऊ लागला आहे. खड्ड्याच्या तळाशी व भोवती वाळूचा जाड थर दिल्यास गाळणी काही अंशी होते. विहिरीच्या पाण्याची जंतुतपासणी उन्हाळ्यात करून भागत नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेली घाण नळ्यांतून एकदम विहिरीत उतरते, म्हणून जूनच्या अखेरीस नमुना घ्यावा आणि निष्कर्ष येईपर्यंत पाणी उकळून प्यावे.