झाडावरचा कागद

नाशिकच्या गंगापूर रोडने तुम्ही कधी गेला आहात का? अशोक स्तंभापाशी हा रस्ता सुरू होतो. पंडित कॉलनी, जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल असं करत तो आनंदवल्ली आणि सोमेश्वर ओलांडतो आणि गंगापूर गावाकडे, धरणाकडे निघून जातो. शहर वाढलं, गाड्या वाढल्या, रस्ता रुंद झाला. मग गंमत अशी झाली, की कडेची काही झाडं चक्क रस्त्यात आली! काहीजण म्हणाले, "तोडा, रात्री अपघात होतात." काहीजण म्हणाले, "झाडं आधीपासून आहेत, रस्ता नंतर सरकला." दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं. भांडण पार उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आता सांगा, शहरातलं एखादं झाड ठेवायचं की तोडायचं, हे कोण ठरवतं?

त्यासाठी महाराष्ट्रात १९७५ सालचा कायदा आहे. प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, परवानगी त्याच्याकडून घ्यावी लागते. पण परवानगी देण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही, सगळ्यांना दिसेल असा, नोटिशीचा कागद लावावा लागतो. कुणाची हरकत असेल तर ठरावीक दिवसांत लेखी कळवा, असं त्यात म्हटलेलं असतं. आपण शाळेत जाता-येता असे कागद बघतो आणि "शिकवणीची जाहिरात असेल" म्हणून पुढे जातो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं.

हा कागद वाचला की काय होतं, ते नाशिककरांनी नुकतंच पाहिलं. गंगापूर रोडला लागून वाहणारी गोदावरी पुढे रामकुंडावरून तपोवनात जाते. तिथे सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम वसवायचं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरात महापालिकेने तिथल्या सुमारे १,८०० झाडांबद्दल सूचना काढली. एरवी अशा सूचनेला चार-दोन हरकती आल्या तर आल्या. या वेळी शेकडो आल्या. महापालिकेला सुनावणी घ्यावी लागली आणि ती चांगलीच तापली. लोक तपोवनात जाऊन झाडांपाशी उभे राहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. कुंभमेळा नको, असं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं नव्हतं; झाडं न तोडता तो करा, एवढंच होतं. तुमचं मत काहीही असो, पण शेकडो माणसांनी कागद-पेन घेऊन, नाव-पत्ता घालून आपलं म्हणणं लिहून दिलं, ही गोष्ट लहान नाही.

मात्र त्या दिवसांत एक मोठीच अडचण होती. हरकत घेऊन ज्याच्या दारात जायचं, तो नगरसेवकच नव्हता!

तुम्ही म्हणाल, असं कसं? नाशिक महापालिकेची निवडणूक २०१७ साली झाली होती. ५ वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पण पुढची निवडणूक काही केल्या होईना. आरक्षणाचा वाद, प्रभागांच्या सीमांचा वाद, कोर्टाच्या तारखा... सगळा कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं. हिशेब करून बघा. मुदत संपली तेव्हा पाचवीत असलेली मुलं मतदान झालं तेव्हा नववीत होती. त्या सबंध काळात १२२ नगरसेवकांच्या सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.

नाशिकला हे नवीन नाही, बरं का. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची काही गावं एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका झाली. पण तिची पहिली निवडणूक झाली थेट १९९२ मध्ये. तुमच्या आजोबांना विचारा, ती १० वर्षं त्यांना आठवत असतील. माझ्या मते प्रशासक हुशार असू शकतो, प्रामाणिकही असू शकतो. पण "पुढच्या वेळी तुम्हाला मत देणार नाही," असं काही आपण त्याला म्हणू शकत नाही.

निवडणूक झाली म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. २०१२ साली नाशिकमध्ये एका प्रभागात २ नगरसेवक होते. २०१७ ला बहुतेक प्रभागांत ४ झाले. म्हणजे मतदाराने यंत्रावर एक नाही, ४ बटणं दाबायची! 'अ' जागेचं एक, 'ब'चं एक, 'क'चं एक, 'ड'चं एक. सगळी मतं झाली की मगच यंत्राचा लांब आवाज येतो. सवयीने एकच बटण दाबून निघालेल्या आजी-आजोबांना "अहो, थांबा थांबा, अजून राहिलीत!" असं म्हणत परत बोलवावं लागतं. आणि नंतर गटार तुंबलं की पंचाईत: चौघांपैकी जायचं कुणाकडे? चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गटार आपलं वाहतंच.

इथेच गल्लीतल्या, कॉलनीतल्या नागरिकांच्या गटाची गरज पडते. मुंबईत 'अग्नी' नावाची संघटना अशा कामासाठीच ओळखली जाते. निवडणूक आली की वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बसवायचं आणि लोकांनी समोरून प्रश्न विचारायचे, ही तिची पद्धत. भाषण नाही, हार नाहीत. पाण्याचं काय करणार, ते सांगा! २००७ साली जुहूच्या लोकांनी त्याही पुढची मजल मारली. तिथल्या रहिवाशांच्या गटांनी एकत्र येऊन आपल्यातलाच एक उमेदवार, अडॉल्फ डिसूझा, उभा केला. मागे मोठा पक्ष नव्हता. तरीही वॉर्ड क्रमांक ६३ मधून ते निवडून आले आणि मुंबई महापालिकेत जाऊन बसले.

सगळीकडे असं जमेलच असं नाही. प्रत्येक कॉलनीने आपापला उमेदवार उभा केला तर मोठी पंचाईत होईल, हेही खरंच. पण ज्याला निवडून दिलं त्याला वर्षातून काही वेळा समोर बसवणं तरी जमायला हवं ना? त्यासाठी २००९ साली महाराष्ट्रात कायद्यातच 'क्षेत्रसभे'ची सोय झाली. गावात ग्रामसभा असते ना, तशी शहरातल्या छोट्या भागातल्या मतदारांची सभा. नगरसेवकाने ती बोलवायची. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांनी कधी क्षेत्रसभा पाहिली आहे का? बहुतेक घरांत उत्तर येईल, "म्हणजे काय?" सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोन-दोन तास भांडणारी मंडळी ही सभा मात्र कुणाकडे मागत नाहीत. कागदावरची सोय कुणी मागितली नाही, की ती कागदावरच राहते.

नागरिकांच्या गटाचं खरं किचकट काम मात्र निवडणुकीच्या आधीचं असतं. ते म्हणजे मतदार यादी. महापालिकेसाठी वेगळी यादी नसते. विधानसभेची यादीच प्रभागांप्रमाणे फोडतात. फोडताना रस्त्याच्या अलीकडची इमारत पलीकडच्या प्रभागात जाते, आईचं नाव एका प्रभागात आणि बाबांचं दुसऱ्यात. प्रारूप यादी लागते, हरकतींना थोडे दिवस मिळतात, आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रावर आरडाओरडा होतो, "माझं नाव कुठे गेलं?" तोवर फार उशीर झालेला असतो. आणखी एक: विधानसभेच्या यादीत नाव नसेल तर प्रभागाच्या यादीत ते नव्याने घालता येत नाही. ते आधीच, नमुना ६ भरून घालावं लागतं. घर बदललं असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८.

तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठे मत आहे? आम्ही काय करायचं?" गंगापूर रोडवरच चोपडा लॉन्सजवळच्या पुलापाशी अनंत चतुर्दशीला जाऊन बघा. विद्यार्थी कृती समितीची मुलं-मुली तिथे हात जोडून येणाऱ्यांना सांगतात, "देव द्या, देवपण घ्या." मूर्ती नदीत सोडू नका, आमच्याकडे द्या. कुणी रागावतं, कुणी ऐकतं. हा उपक्रम बरीच वर्षं चालू आहे. दुसरीकडे, गोदावरीत जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध 'गोदावरी गटारीकरण विरोधी मंच' उभा राहिला आणि २०१२ साली तो प्रश्न जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेला. एकाने न्यायालयात धाव घेतली, दुसऱ्याने पुलावर उभं राहून हात जोडले. नदी एकच.

यादीचं कामही मुलांना छान जमतं. आपल्या इमारतीतली नावं, प्रभाग क्रमांक, कोण सोडून गेलं, कोण नवीन आलं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असतं? तिसऱ्या मजल्यावरच्या ताई १८ वर्षांच्या कधी झाल्या, हे तर नक्कीच! पूर्वी मत द्यायला २१ वर्षं पूर्ण व्हावी लागत. १९८९ मध्ये ती अट १८ वर आली. आणि २०२२ पासून १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. १८ पूर्ण होतील तसं नाव यादीत येतं. म्हणजे तुमच्यापैकी अकरावी-बारावीतल्या ताई-दादांनी हे वाचून अंक बाजूला ठेवायचा आणि अर्ज आणायचा, एवढंच.

उमेदवारांची माहितीही आता लपून राहत नाही. अहमदाबादच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवारांना शिक्षण, मालमत्ता आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. महापालिकेच्या उमेदवारांनाही. रात्री जेवताना ते घरात मोठ्याने वाचून दाखवा. फार मजा येते, आणि बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात.

आणि उद्या शाळेत जाताना एखाद्या झाडावर कागद दिसला, तर सायकल थांबवा. आधी खालची तारीख बघा. हरकतीला किती दिवस उरलेत, ते मोजा. मग घरी जाऊन आईला सांगा. सही तिची लागेल, पण मजकूर तुम्ही लिहू शकता.