देवांचा तक्ता म्हणजे धर्म नव्हे

फँटसी रोलप्लेइंग गेमसाठी नवे जग रचायला बसलेला गेम मास्टर आधी नकाशा काढतो, मग राज्यांची नावे ठरवतो आणि त्यानंतर देवांचा तक्ता करतो. युद्धाचा एक, समुद्राचा एक, मृत्यूचा एक, प्रेमाची एक देवी. शेजारच्या रकान्यात चिन्ह, आवडते शस्त्र, आणि देव सज्जन की दुष्ट. तक्ता भरला की धर्म तयार झाला असे वाटते. प्रत्यक्ष खेळात मात्र त्या देवांची नावे पुजारी-पात्र असलेला क्लेरिक मंत्र टाकतो तेवढ्यापुरतीच निघतात. त्या जगातला एकही शेतकरी पेरणीआधी कोणाला काही वाहत नाही, एकही कोळीण नवरा समुद्रावर गेला म्हणून नवस बोलत नाही.

ही सवय खेळाच्या पुस्तकांतूनच आली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आले, त्यातल्या पहिल्या तीन पात्रवर्गांत क्लेरिक होताच. १९८० च्या ‘डीइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात तर देवांना राक्षसांसारखेच आकडे दिले होते. त्यात झ्यूसला ४०० हिट पॉइंट्स होते आणि इंद्र, वरुण, अग्नी यांचेही तक्ते होते. देवाला मारायला किती घाव लागतील ते त्या पुस्तकातून कळते, पण त्याला प्रसन्न करायला काय करावे लागते ते कळत नाही. अनेक देव मानणाऱ्या समाजांत सगळा धर्म या दुसऱ्या प्रश्नाभोवती उभा असतो.

गैरसमज: प्रत्येक देवाकडे एकच खाते असते

झ्यूस म्हणजे आकाश आणि वीज, हे शाळेच्या पुस्तकातले उत्तर. प्राचीन ग्रीक घरांत मात्र झ्यूस क्तेसिओस या नावाने तोच देव कोठीघरात असे, घरातल्या साठ्याची राखण करायला. तिथे त्याचे प्रतीक म्हणजे एक साधे मडके. मेइलिखिओस या रूपात तो अथेन्समध्ये सापासारखा कोरलेला आढळतो. अपोलो रोगराई पाठवतो आणि बरीही करतो. एकाच देवाची अशी अनेक रूपे असतात आणि एकाच कामासाठी अनेक देव असतात. तक्त्यात न मावणारी ही गुंतागुंत महाराष्ट्रातल्या वाचकाला नवी नाही. खंडोबा एकच, तरी जेजुरीचा, पालीचा आणि नळदुर्गचा असे लोक वेगवेगळे बोलतात, आणि घराण्याचे नाते एखाद्या ठाण्याशी असते.

म्हणून देवाला खाते देण्याआधी ठिकाण द्या. कोणत्या डोंगरावर, कोणत्या उतारावर, कोणत्या घाटाच्या तोंडाशी? तिथे काय घडले म्हणून लोक थांबायला लागले? खाते त्यातून आपोआप निघते.

गैरसमज: धर्माचा गाभा म्हणजे श्रद्धा

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होते. पात्राच्या कागदावर ‘अमुक देवावर गाढ श्रद्धा’ असे लिहिले जाते आणि पुढे करण्यासारखे काही उरत नाही. प्राचीन रोममध्ये मनात काय आहे यापेक्षा विधी बिनचूक झाला का, याला महत्त्व होते. विधीत चूक झाली तर तो पुन्हा पहिल्यापासून करत.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमनाने शेतीवर लिहिलेला ग्रंथ यासाठी जरूर पाहावा. झाडी विरळ करायची असेल तर आधी डुक्कर बळी द्यावे, असे तो सांगतो. ती झाडी कोणत्या देवाची हे शेतकऱ्याला माहीत नसले तरी चालते. देव असो वा देवी, जे कोणी इथले आहे त्याला उद्देशून प्रार्थना करायची आणि काम सुरू करायचे. देवाचे नाव, लिंग, स्वभाव यांतले काही ठाऊक नाही, तरी देणे चुकत नाही. देवराईतली काटकीही न उचलणाऱ्या गावांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता हे खेळात आणून पाहा. पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांना, नदी ओलांडायची आहे, तराफ्यासाठी लाकूड हवे. वाटाड्या म्हणतो, आधी काहीतरी द्या. कोणाला, ते त्यालाही माहीत नाही. खेळाडूंनी ऐकले नाही तर लगेच वीज कोसळू देऊ नका. दोन दिवसांनी खेचर लंगडू लागते आणि वाटाडा गप्प होतो. तिसऱ्या दिवशी तो आपली मजुरी मागून परत निघतो. हा योगायोग होता की कोप, हे गेम मास्टरने कधीच सांगायचे नाही. त्या जंगलाला धर्म मिळाला तो इथे.

माणूस आणि देव यांच्यातल्या या व्यवहाराचा सर्वांत जिवंत पुरावा इंग्लंडमधल्या बाथ शहरात आहे. तिथल्या गरम झऱ्याची सुलिस ही स्थानिक देवी. रोमन आले आणि त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडले. झऱ्याच्या उत्खननात शिशाचे सुमारे १३० पातळ पत्रे सापडले. लोक त्यावर तक्रार कोरत, बहुतेकदा गुंडाळी करत आणि पाण्यात टाकत. तक्रारी कसल्या, तर झगा चोरीला गेला, भांडे गेले, नाणी गेली. दोकिमेदिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले होते. चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असे त्याने देवीकडे मागितले. चोर कोण हे माहीत नसल्याने पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, अशी सगळ्या शक्यता बांधून टाकणारी भाषा या पत्र्यांवर पुन्हा पुन्हा येते. म्हणजे कोर्टातला अर्जच. देवीच्या माहात्म्याची पानभर कथा जे करू शकत नाही, ते हातमोज्यांची ही एक तक्रार करते. तुमच्या शहरातल्या झऱ्यातून असे पाच-सहा पत्रे खेळाडूंच्या हाती लागू द्या. कोण कोणावर संशय घेतो, लोकांकडे चोरण्यासारखे काय आहे, देवीकडून त्यांची अपेक्षा काय, हे सगळे न सांगता कळेल.

गैरसमज: प्रत्येक माणूस एक देव निवडतो

क्लेरिकपुरता हा नियम सोयीचा असेल, समाजाला लागू नाही. कुलदैवत जन्माने मिळते, ग्रामदैवत गावामुळे येते, घरातल्या देव्हाऱ्यात आणखी चार-पाच असतात, आणि मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई पुजायची ती वेगळीच. रोमन घरातही लारेस आणि पेनातेस या गृहदेवतांना रोज मान होता, मग नगराचे देव, मग धंद्याचे. यांतला एक निवडून बाकीचे सोडणे हा विचारच त्या माणसाला विचित्र वाटेल.

पुजारीही तसाच. रोममध्ये पुरोहितपदे बहुधा राजकारणी घराण्यांतले लोक भूषवत. इ.स.पू. ६३ मध्ये ज्युलिअस सीझर निवडणूक जिंकून मुख्य पुरोहित झाला, आणि त्यामुळे त्याचे सेनापतीपण किंवा राजकारण सुटले नाही. आपल्याकडे गुरव, भगत, वाघ्या-मुरळी, पालखीचे मानकरी असे किती जण एकाच देवाभोवती असतात, प्रत्येकाचा हक्क वेगळा. पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून गावात वाद पेटतात. असा वाद तुमच्या जगात ठेवलात तर दुष्ट जादूगाराची गरज काही सेशन भासणार नाही.

हे ज्यांना खेळातच साधलेले पाहायचे असेल त्यांनी ग्रेग स्टॅफर्ड यांचे ग्लोरँथा हे जग अभ्यासावे. त्या जगातला ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ १९७८ साली आला आणि पुढच्याच वर्षी ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ हे पुस्तक. त्यात देवाच्या वर्णनाबरोबर पंथही आहे. कोणाला प्रवेश, काय द्यावे लागते, समाजात त्या पंथाचे काम काय, हे सगळे तिथे येते. इतक्या वर्षांनंतरही माझ्या मते याहून चांगला नमुना खेळांच्या पुस्तकांत नाही.

गैरसमज: भयंकर देवांची पूजा खलनायकच करतात

रोमन लोक २५ एप्रिलला रोबिगस या देवासाठी कुत्रा बळी देत. रोबिगस म्हणजे गव्हावरचा तांबेरा. त्याला देणारा शेतकरी रोगाचा उपासक नसतो, आपले पीक वाचवू पाहणारा बाप असतो. मरीआईला नैवेद्य दाखवून गावाच्या शिवेबाहेर पोचवणाऱ्या बायकांना पटकी नको होती म्हणूनच त्या ते करत होत्या. तुमच्या जगातल्या प्लेगच्या देवीचे देऊळ गुप्त तळघरात नको, वेशीवर हवे, आणि तिथे सगळ्यात जास्त गर्दी लेकुरवाळ्यांची हवी.

गैरसमज: परका देव म्हणजे शत्रू

इ.स.पू. ३९६ मध्ये व्हेई हे शहर घेताना रोमनांनी तिथल्या जुनो देवीला रोममध्ये येण्याचे आवाहन केले आणि तिला देऊळ बांधून दिले, असे रोमन इतिहास सांगतो. कार्थेजच्या हॅनिबलशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २०४ मध्ये, आशिया मायनरमधून सिबेली देवीची काळी शिळा आणली गेली. पण याला आजच्या अर्थाने सहिष्णुता म्हणू नका. सिबेलीचे पुरोहित होण्याची रोमन नागरिकांना मनाई होती, आणि इ.स.पू. १८६ मध्ये सिनेटने बॅकस या मद्यदेवाच्या गुप्त उत्सवांवर कडक बंधने घातली. हरकत देवावर नव्हती, राज्याच्या नजरेआड रात्री जमणाऱ्या माणसांवर होती.

गैरसमज: देव खरेच असतील तर शंका उरत नाही

फँटसी जगात मंत्राने जखमा भरतात, मग अनिश्चितता कशी राहणार, असे विचारले जाते. देव आहे हे माहीत असणे आणि त्याला काय हवे हे माहीत असणे यांत मोठे अंतर आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीवर ठरावीक जागी कळ्या, पाकळ्या किंवा तांदूळ पाण्याने चिकटवायचे, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवी बाजू आधी पडते की डावी हे पाहायचे. रोमन सैन्याबरोबर पवित्र कोंबड्या असत आणि त्यांनी दाणे टिपले तर शकुन चांगला. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या सागरी लढाईआधी त्या खाईनात, तेव्हा सेनानी पुब्लिअस क्लॉडिअसने त्यांना समुद्रात फेकले आणि लढाई हरला, ही कथा रोमन लेखकांनी नोंदवून ठेवली आहे.

कौल खेळात आणायला नवे नियम लागत नाहीत, फासे टेबलावर आहेतच. सहा बाजूंचे दोन घ्या, एक उजवा, एक डावा. मोठा आकडा ज्याचा, ती पाकळी पडली. दोन्ही सारखे आले, आणि सरासरीने सहात एकदा येणारच, तर पाकळी हललीच नाही. आता प्रश्न चुकला, की कोणाचे देणे राहिले, की पाकळ्या लावणारा गुरव गावातल्या एका घराण्याच्या बाजूचा आहे? खेळाडूंना यावर भांडू द्या.

पुढच्या कॅम्पेनआधी घरातल्या एखाद्या वयस्क बाईशी तासभर बोला. कोणत्या देवाला काय देतात, कधी, कोणाच्या हातून, आणि चुकले तर काय करतात, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून घ्या. तक्ता त्यानंतर करा.