फुटली नाही, पण हलली

रायफलीवरची दुर्बीण खडकावर आपटली आणि काच तडकली, तर निदान संशय उरत नाही. पंचाईत होते ती काचेवर ओरखडाही उमटत नाही तेव्हा. चित्र पूर्वीइतकंच स्वच्छ दिसतं, नेमाची फुली जागच्या जागी वाटते आणि गोळी वीतभर बाजूला जाते. अमेरिकेच्या डोंगरात शिकाऱ्याच्या हातून असं झालं, तर हरीण मरत नाही. जखमी होऊन रानात शिरतं आणि तडफडत राहतं. माझ्या मते टिकाऊपणाची कसोटी म्हणूनच एक: धक्का खाल्ल्यावर नेम होता तिथे राहिला का?

दुर्बिणीच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. पुढच्या भिंगाने उलटी पाडलेली प्रतिमा ती सुलटी करते. तिचं एक टोक सांध्यावर टेकलेलं असतं. दुसऱ्याला वरून आणि बाजूने स्क्रू दाबतात, तर समोरून स्प्रिंग रेटून धरते. नेम सरकवायचा म्हणजे स्क्रूची टोपी, म्हणजे टरेट, एकेक क्लिक फिरवायची. सर्रास आढळणारा क्लिक १०० मीटरवर १ सेंटिमीटरचा असतो. पुढच्या भिंगाचं नाभीय अंतर २० सेंटिमीटर धरलं, तर त्यासाठी आतली प्रतिमा आणि फुली यांच्यात जेमतेम ०.०२ मिलिमीटरचा फरक पडावा लागतो. माणसाचा केससुद्धा याच्या तिप्पट जाड असतो! स्प्रिंग इतकीशी ढिली पडली, की ५०० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर चुकते.

तपासणी सुरू होते ती दुर्बिणीवरचा आळ दूर ठेवून. दुर्बीण धरणाऱ्या कड्या, त्यांच्याखालची पट्टी, दस्त्यातले स्क्रू यांतलं काहीही सैल असू शकतं. म्हणून त्याच रायफलीवर आधी खात्रीची दुर्बीण चढवून पाहावी. मग नवी बसवायची, स्क्रू ठरावीक ताकदीने आवळायचे, झीरो करायचं, म्हणजे फुली आणि गोळीचा मारा जुळवायचा, आणि दहा गोळ्यांचा गट कागदावर घ्यायचा. त्यानंतर रायफल रिकामी करून, जमिनीवर चटई अंथरून, दीड फुटावरून डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि दुर्बिणीवर पाडायची. प्रत्येक वेळी पुन्हा झाडून पाहायचं. पुढे तेच तीन फुटांवरून. ऐकायला क्रूर वाटतं, पण घोड्यावरून किंवा जीपमधून रायफल पडते तेव्हा यापेक्षा वाईट होतं.

कारखान्यात हे काम यंत्रं करतात. ओरेगनमधल्या बीव्हर्टनची ल्युपोल्ड कंपनी आपल्या ‘पनिशर’ यंत्रावर ५,००० आघात देते, प्रत्येक आघात .३०८ कॅलिबरच्या रायफलीच्या धक्क्याच्या तिप्पट असतो, असं ती सांगते. धक्क्याची दिशाही महत्त्वाची. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे झटकते आणि दट्ट्या थांबताच पुढे. मोठ्या काडतुसांचा मार सोसणाऱ्या दुर्बिणी या उलटसुलट हिसक्यांनी खिळखिळ्या झाल्या आहेत. पाण्याची कसोटी त्यामानाने सोपी: नळीत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, कोमट पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे निघाले की गळती सापडली.

टरेट खरं बोलतो का, यासाठी १०० मीटरवर उंच कागद लावतात, ओळंबा सोडून उभी रेघ आखतात. शंभर क्लिक वर चढवल्यावर गोळी बरोबर १ मीटर वर, त्याच रेघेवर बसली पाहिजे. शंभर उतरवल्यावर पहिल्या भोकाशी परतली पाहिजे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते बारीक छिद्रातून नेम धरून. त्यामुळे ही उठाठेव आपल्या नेमबाजांच्या वाट्याला क्वचितच येते. सैनिकाचं तसं नाही. त्याची दुर्बीण बर्फातून, गाडीच्या हादऱ्यांतून जाते आणि मागाहून झीरो तपासायला वेळ मिळेलच असं नाही.

एक मात्र मला फार खटकतं. तीन गोळ्या जवळजवळ बसल्या की ‘दुर्बीण पास’ म्हणून लोक मोकळे होतात. रायफलीचा स्वतःचा गटच दोन-तीन सेंटिमीटर पसरत असेल, तर एका क्लिकची घसरण त्यात सहज लपते. तिला हुडकायचं तर पाडण्याआधी दहा आणि नंतर दहा गोळ्या झाडून दोन्ही गटांचे मध्य ताडून पाहावे लागतात. तेही एकाच नगावर भागत नाही, त्याच मॉडेलचे निदान दोन-तीन नग हवेत.