पट्टीखालची ओळ

तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवलेल्या एक बाई रोज सकाळी सहाला कादंबरी लिहायला जातात आणि स्वतःची एकही चूक दुरुस्त करत नाहीत, असं एका मुद्रक मित्रानं सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसेना. या ताईंना मी त्यांच्या मुद्रितशोधनाच्या कामावरून ओळखत होते. त्यांच्या नजरेखालून गेलेली पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. एका वेलांटीसाठी त्यांनी भल्याभल्या लेखकांना रात्री दहाला फोन केल्याच्या गोष्टी पुण्यातल्या छापखान्यांत आजही निघतात. अशी बाई चुकीचा शब्द तसाच ठेवून पुढे कशी जाते, हे मला बघायचं होतं.

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर अकरावी-बारावीचा क्लास चालतो. पहिली बॅच साडेसातची. त्याआधीचा दीड तास नोव्हेंबरभर ताईंचा आणि त्यांच्यासोबत लिहिणाऱ्या मंडळींचा. क्लासचे सर स्वतः लिहिणाऱ्यांतले, त्यामुळे किल्लीचा प्रश्न नाही. थंडीमुळे खिडक्या बंद असतात आणि खोलीत मार्करचा स्पिरिटसारखा वास कोंडलेला असतो. माझ्या शालीला तो महिनाभर येत राहिला. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीत एक आकडा लिहिलेला: १,६६७. त्याखाली ‘पुसू नये’. क्लासच्या काही मुलांनी तो भौतिकशास्त्रातला स्थिरांक समजून वहीत उतरवून घेतला होता, असं सर सांगत होते.

या आकड्याचा उगम अमेरिकेतला. १९९९च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बॅटी नावाच्या तरुणानं मित्रमंडळी जमवली. सगळे मिळून एकवीस जण. महिन्याभरात प्रत्येकानं एक कादंबरी लिहायची, असं ठरलं. कादंबरी म्हणजे किती शब्द? बॅटीनं घरातल्या पुस्तकांपैकी सगळ्यात बारीक कादंबरी घेतली, अंदाज बांधला आणि पन्नास हजार ही मर्यादा ठरली. पुढच्या वर्षी उपक्रम नोव्हेंबरात गेला, कारण तिथे त्या दिवसांत बाहेर पडावंसं वाटत नाही. पन्नास हजार भागिले तीस म्हणजे रोजचे १,६६७. ‘नॅनोरायमो’ या नावानं उपक्रम जगभर पसरला आणि दरवर्षी लाखो माणसं त्यात उतरू लागली. नंतर तो चालवणाऱ्या संस्थेला पैशांची चणचण आली, कारभारावर आरोप झाले, कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलच्या संस्थेच्या भूमिकेमुळे २०२४मध्ये काही लेखक दुरावले, आणि ३१ मार्च २०२५ रोजी संस्था बंद होत असल्याची घोषणा झाली. तरीही नोव्हेंबर आला तसा पुण्यातल्या या पोटमाळ्यावरचा दिवा लागला. आकड्याला संस्थेची गरज उरली नव्हती.

काम साधं आहे. सहाला दार बंद, मोबाइल आवाज बंद करून टेबलावर पालथे, पंचवीस मिनिटांची एक फेरी, चहा, पुन्हा पंचवीस मिनिटं, मग रजिस्टरमध्ये आपापला आकडा. लिहिलेलं कुणी कुणाला वाचून दाखवायचं नाही.

ताई खिडकीजवळच्या बाकावर बसतात. लाँगबुक, निळं बॉलपेन आणि पोस्टकार्डाच्या आकाराची पुठ्ठ्याची पिवळी पडलेली पट्टी. ही पट्टी त्यांच्याकडे नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आहे. प्रूफ वाचताना मुद्रितशोधक ती चालू ओळीच्या खाली धरतो. अर्थाच्या ओढीनं डोळा पुढे पळतो आणि पळता डोळा चूक गिळतो, म्हणून. आता ताई तीच पट्टी ओळीच्या वर ठेवतात. लिहून झालेली ओळ झाकली जाते, पट्टी एक घर खाली सरकते.

“पूर्वी डोळा पुढे पळायचा, आता मागे पळतो,” त्या म्हणाल्या. “पट्टी तीच. कामाला लागली.”

मी त्यांच्या शेजारी बसून स्वतःची वही उघडत असे, पण माझं लक्ष त्या पट्टीवरच असायचं. एकदा ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ ऱ्हस्व पडली. ताईंचा हात थबकला. पेनाचं टोक कागदाच्या वर तरंगत राहिलं, ओठ आवळले गेले. मग डाव्या हातानं पट्टी सरकवली आणि वाक्य पुढे सुरू झालं. चहाच्या वेळी मी विचारलं, कळलं होतं ना? “कळलं म्हणजे काय! दाढ दुखावी तसं कळलं.”

त्यांची कादंबरी एका जुळाऱ्याची आहे. शिशाचे खिळे हातानं जुळवण्याच्या दिवसांतला छापखाना, वरच्या आणि खालच्या केसमधली घरं, स्टिकमध्ये उलटी वाचायची ओळ, गॅलीवर बांधलेला मजकूर, संध्याकाळी खिळे परत घरात सोडण्याचं कंटाळवाणं काम. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. माणूस मात्र त्यांना सापडत नव्हता. पहिल्या आठवड्यात रोज छापखान्याचं वर्णन झालं: खिडक्या, शाईचे डबे, मालकाची छत्री. “माहिती लिहितेय मी,” त्या एकदा खिन्नपणे म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात तेही आटलं. हा दुसरा आठवडा या आव्हानात जगभर बदनाम आहे: सुरुवातीचा उत्साह संपलेला आणि शेवट दृष्टिपथात नसलेला. या आठवड्यात रजिस्टरमधली दोन नावं कायमची थांबली. आयटी कंपनीतला एक मुलगा पाच दिवस आलाच नाही.

मग एका सकाळी, दुसऱ्या फेरीत, ताईंचं पेन जोरात चालू लागलं. पट्टी सरकवायला हात पोचेना. झालं होतं असं की, लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवता जुळवता त्यांच्या जुळाऱ्यानं वराच्या नावातलं एक अक्षर मुद्दाम बदललं होतं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. “मी त्याला असं काही करायला सांगितलं नव्हतं हो,” जिना उतरताना त्या म्हणाल्या, आणि तीस वर्षं अक्षरन्‌अक्षर जागेवर ठेवणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला तो मला रोज पहाटे त्या जिन्यापाशी घेऊन येत राहिला.

‘द नाइट सर्कस’ ही एरिन मॉर्गनस्टर्नची कादंबरी अशाच एका अडलेल्या नोव्हेंबरातून निघाली. लिहिता लिहिता ती स्वतःच कंटाळली, तेव्हा तिनं पात्रांना सर्कशीला पाठवलं. मूळ गोष्ट मागे पडली, सर्कस उरली, आणि पुढची काही वर्षं तिच्यावर मेहनत घेऊन २०११मध्ये पुस्तक आलं. सर्कस सापडायला आधीची कंटाळवाणी पानं लिहावी लागली. माझा या उपक्रमावर विश्वास बसला तो अशा पानांमुळे.

हे कारखान्याचं काम आहे, असा आक्षेप मी बऱ्याच जाणत्या माणसांकडून ऐकला. साहित्य असं मोजून होत नाही, आतून यावं लागतं. मला यात एक अन्याय दिसतो. आतून येईपर्यंत वाट पाहायला ज्यांच्याकडे रिकामा वेळ आहे, त्यांचाच तो नियम आहे. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचा. त्याच्या मृत्यूनंतर १८८३मध्ये आत्मचरित्रातून हे उघड झालं, तेव्हा त्याचं नाव खाली आलं. कादंबऱ्या मात्र आजही वाचल्या जातात. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली ती ‘करमणूक’ साप्ताहिकात, हप्त्या-हप्त्यानं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काही मूड लागायची वाट पाहून नव्हे. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं १९०९मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा हिस्सा संपादकाच्या तगाद्यावर लिहिला गेला आहे. तारीख अंगावर आल्याशिवाय आमचं पान हलत नाही, हे सगळे लेखक खासगीत कबूल करतात. पोटमाळ्यावरच्या माणसांना तगादा लावणारं कुणी नाही, कारण त्यांची कथा कुणी मागितलेलीच नाही. तो तगादा त्यांनी १,६६७च्या रूपानं स्वतःच स्वतःला लावून घेतला आहे.

आकड्यावर भांडणही झालं. आयटीतल्या मुलाचं म्हणणं असं की, मराठीत १,६६७ जास्त होतात. आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द, इंग्रजीला तेवढ्यासाठी आठ लागतात. म्हणून बाराशे करा. गणित बरोबर होतं आणि सगळे माना डोलावत होते. ताई म्हणाल्या, “बाराशे केलेत की तो आपण ठरवलेला आकडा होईल. मग ज्या दिवशी जिवावर येईल त्या दिवशी हजार करू.” आकडा राहिला.

सगळ्यांना तो जमत होता असं नाही. डबे पुरवणाऱ्या एक ताई सहाला यायच्या आणि साडेसहाच्या आत निघायच्या, पोळ्यांना बायका येतात म्हणून. त्यांचे १,६६७ चार तुकड्यांत व्हायचे. उरलेले त्या ओट्यावर मोबाइल ठेवून, कणीक मळता मळता बोलून टाइप करायच्या. मोबाइल शब्द तोडायचा, ‘घरा’ वेगळं आणि ‘समोर’ वेगळं, त्यामुळे आकडा जरा फुगायचा. हे लक्षात आल्यावर त्यांनी आपणहून रोज शंभर शब्द जास्त बोलायला सुरुवात केली. कुणी तपासणार नसलेल्या रजिस्टरसाठी! सासू-सुनेची गोष्ट आहे, एवढंच त्यांनी मला सांगितलं, आणि सासूचं बोलणं मोठ्यानं बोलावं लागतं म्हणून घरातले हसतात, हेही.

सवय तीस दिवसांत लागते का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या संशोधनात शहाण्णव जणांनी भाग घेतला होता. एखादी गोष्ट विचार न करता हातून होऊ लागायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठरा पुरावेत, तर कुणाला दोनशे चोपन्न लागावेत, इतका फरक. म्हणजे नोव्हेंबर निम्म्या वाटेवरच सोडतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्यानं घडत आलेली सवय फारशी बिघडत नाही. हे मला त्या आयटीतल्या मुलाला सांगावंसं वाटत होतं, पण त्याआधीच ताईंनी त्याला फोन केला होता. चुकलेल्या दिवसांचे शब्द भरून काढायचे नाहीत, आजचे लिहायचे, इतकंच त्या बोलल्या. तो सहाव्या दिवशी कंपनीच्या बसचं कार्ड गळ्यात तसंच ठेवून आला आणि मागच्या बाकावर बसला. कुणी काही विचारलं नाही. सरांनी त्याच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला.

ताईंची स्वतःची एक युक्ती आहे. रोजचा आकडा भरला की त्या वाक्य पुरं करत नाहीत, अर्ध्यावर उठतात. हेमिंग्वेही पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबायचा. ताईंनी हेमिंग्वे वाचलेला नाही, त्यांना ही गोष्ट गॅल्यांनी शिकवली. पान अर्ध्या वाक्यावर संपलं की वाचणारा पुढचं पान मागायला स्वतःहून मशीनपर्यंत जातो, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं आहे.

३० नोव्हेंबर रविवारी आला, बॅच नव्हती, म्हणून मंडळी नऊपर्यंत बसली. पन्नास हजारांचा टप्पा तिघांनी ओलांडला. ताईंचे सेहेचाळीस हजार आणि काही झाले. त्यांनी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला, वळणदार, एकही खाडाखोड न करता.

मी त्यांना विचारलं, आता लाल पेन?

“संक्रांत होऊ दे. तोवर पट्टी वरच.” मग वहीची सुरुवातीची पानं अंगठ्यानं फरफर उडवत म्हणाल्या, “ही छापखान्याची चाळीस पानं जाणार. मालकाची छत्री तेवढी ठेवीन. ती पत्रिका आणायला मालकाची मुलगी येते ना, ती पावसात येते, हे मला काल कळलं.”

डिसेंबरसाठी रोजचे पाचशे ठरले आहेत. बारावीच्या सराव परीक्षांमुळे सकाळची बॅच लवकर भरणार, म्हणून सरांनी पावणेसहाची वेळ दिली आहे. डबेवाल्या ताईंनी दुपारी तीन ते चार अशी आणखी एक फेरी मागितली. सर त्या वेळी रिकामे नसतात, तेव्हा दुसरी किल्ली करून ती मुद्रितशोधक ताईंकडे द्यायची, असं ठरलं.