श्रेष्ठ चित्र कोणते?

‘माझ्या खेळातील चित्रे सर्वांत सुंदर,’ असे एकाने म्हणावे आणि ‘छे! माझ्या खेळापुढे ती काहीच नव्हेत,’ असे दुसऱ्याने उत्तर द्यावे, हा वाद कन्सोलवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलांमध्ये नेहमीच रंगतो. वाद करणे वाईट नव्हे. परंतु ज्या वादाला माप नाही त्याला शेवटही नाही. म्हणून प्रथम आपण माप शोधू या.

पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ साली जपानमध्ये निघाला. त्याच्या चित्रात एका आडव्या ओळीत २५६ ठिपके व अशा २४० ओळी, म्हणजे एकंदर ६१,४४० ठिपके असत. आजच्या फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. म्हणजे बरोबर १३५ पट! ठिपक्यांची संख्या हेच माप मानले, तर वाद येथेच मिटला.

पण तो मिटत नाही. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा घेते. मग चित्रकारांनी काय करावे? त्यांनी एकच आकृती दोनदा वापरली. ती पांढरी रंगविली की आकाशातील ढग आणि हिरवी रंगविली की जमिनीवरचे झुडूप! मारिओला मिशा आहेत, त्याही हौसेखातर नव्हेत. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड उमटेना, म्हणून त्याचे जनक शिगेरू मियामोटो यांनी मोठे नाक व खाली मिशा काढल्या. त्या अडचणीतून जन्मलेला चेहरा आज साऱ्या जगाच्या परिचयाचा आहे.

पुढे यंत्रांचे बळ वाढले. असंख्य लहान त्रिकोण जोडून माणसे, डोंगर व घरे घडविली जाऊ लागली. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ सारख्या कन्सोलमध्ये तर प्रकाशकिरणांचा माग काढून पाण्यातील प्रतिबिंबही रेखाटता येते. तरीही बळाला मर्यादा आहेच. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे, तर प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा साठावा भागच मिळतो. बारकावे वाढविले तर वेग घटतो. वेग राखला तर बारकाव्यांना मुकावे लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम येथेही सुटलेला नाही.

आता एक बोधप्रद हकीकत ऐका. २००० साली निन्टेन्डोने ‘झेल्डा’ या खेळमालेतील नायकाचे, खऱ्याखुऱ्या माणसासारखे भासणारे चलच्चित्र दाखविले. पुढचा खेळ असाच असेल, अशी लोकांची समजूत झाली. परंतु २००१ साली प्रत्यक्षात दिसला तो मोठ्या डोळ्यांचा, व्यंगचित्रासारखा बालनायक! अनेकांनी खेळण्यापूर्वीच त्याची थट्टा केली. ‘विंड वेकर’ नावाचा हा खेळ २००२ साली जपानमध्ये निघाला. त्या मोठ्या डोळ्यांचे प्रयोजन तेव्हा कळले. नायक जिकडे टक लावून पाही, तिकडे काहीतरी महत्त्वाचे असे. त्याची नजरच खेळणाऱ्याला वाट दाखवी. खऱ्याची हुबेहूब नक्कल करू पाहणारी त्या काळची कित्येक चित्रे आज ओबडधोबड वाटतात. विंड वेकरचा निळा समुद्र मात्र अजून टवटवीत दिसतो.

तेव्हा मुलांनो, चित्राची पारख करताना दोन प्रश्न विचारावेत. यंत्राच्या अंगी बळ किती होते? आणि तेवढ्या बळात चित्रकाराने जे साधायचे ठरविले, ते साधले काय? पहिल्याचे उत्तर आकडे देतील. दुसऱ्यासाठी मात्र स्वतःचे डोळे उघडे ठेवून खेळ पाहावा लागेल. न पाहताच निकाल देणाऱ्याचा वादात जय झाला, तरी एका सुंदर चित्राला तो मुकतो.